जीआरडब्ल्यूआर काढताना वजन कोणतं धरायचं? ०.७३ की ०.८१?

पहिला_क्लॅम्प

लिव्हिंग डोनर यकृत ट्रान्सप्लांटच्या केस-चर्चेसाठी जीआरडब्ल्यूआरचा (ग्राफ्टचं, म्हणजे दात्याकडून घेतलेल्या यकृताच्या तुकड्याचं, वजन रुग्णाच्या वजनाच्या किती टक्के) एक हिशोब तपासून हवा आहे. केस अभ्यासापुरती रचलेली आहे, पण आकडे रोज भेटतात तसलेच.

रुग्ण पुरुष, ५२ वर्षे, उंची १६८ सेंमी, वजन ७८ किलो. त्यात जलोदराचं पाणी अंदाजे ८ लिटर. मेल्ड (यकृताच्या आजाराची तीव्रता सांगणारा गुणांक) १९.

दाता क्र. १: पत्नी, ४४ वर्षे, ४८ किलो, यकृतात चरबी नाही. सीटीवर एकूण यकृत ८८० मिली. मिडल हेपॅटिक व्हेन (यकृतातलं रक्त बाहेर नेणारी मधली शीर) दात्याकडेच ठेवली तर उजवा लोब ५७०, मागे उरतं ३१०, म्हणजे ३५ टक्के.

दाता क्र. २: भाऊ, ३६ वर्षे, १७० सेंमी, ८२ किलो, एलएआय (सीटीवरून यकृतातल्या चरबीचा अंदाज) उणे ४. उजवा लोब ७९०, मागे ३५५, म्हणजे ३१ टक्के.

रक्तगट दोघांचेही जुळतात. पत्नीचं जीआरडब्ल्यूआर ७८ किलोवर ०.७३ येतं, पाणी वजा केलं की ०.८१. ०.८ ची (किमान मर्यादेची) रेघ ओलांडली म्हणायची की नाही? आणि भाऊ चरबीपायी बादच समजायचा का?

पोर्टल_फेज

वजन कोरडंच धरायचं, त्यात दुमत नसावं. पाण्याला यकृत लागत नाही. पण तुम्ही एकच चूक दुरुस्त केलीत, दुसरी तशीच राहिली.

सीटीवरचे ५७० मिली हे रक्ताने भरलेल्या यकृताचे आहेत. तोच लोब बाहेर काढून धुतला आणि बॅक टेबलच्या (जिथे ग्राफ्ट जोडण्यासाठी तयार करतात त्या टेबलाच्या) काट्यावर ठेवला की साधारण दहा टक्के कमी भरतो. म्हणजे ५१३ ग्रॅमच्या आसपास. ५१३ भागिले ७०,००० गुणिले १०० केलं की पुन्हा ०.७३. दोन चुका उलट दिशेच्या असल्यामुळे इथे योगायोगाने फिटल्या. दर वेळी फिटतील असं नाही. रिपोर्टमध्ये आकडा लिहिताना कोणतं वजन आणि कोणतं घनफळ धरलं ते शेजारी लिहायची सवय लावा, नाहीतर सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट वेगवेगळ्या आकड्यांवर भांडत बसतात.

कोरडं वजन ठरवताना "आजारापूर्वी किती होतं" हे विचारून भागत नाही. सिर्‍होसिसमध्ये स्नायू झडलेले असतात, त्यामुळे जुना आकडा फसवतो. पाणी काढल्यानंतर वजन करा, पायांची सूज असेल तर तिचाही अंदाज वजा करा. पाच लिटरच्या वर काढणार असाल तर दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन. आठ लिटरला २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या तीन बाटल्या.

पडताळा म्हणून उराटाचं सूत्र लावून बघा: ७०६.२ गुणिले शरीराचं क्षेत्रफळ, अधिक २.४. उंची १६८ आणि वजन ७० ला क्षेत्रफळ १.८१ चौरस मीटर, प्रमाण यकृत १,२८० मिलीच्या जवळपास. ५१३ म्हणजे ४० टक्के. बहुतेक ठिकाणी ३५ ते ४० ही खालची मर्यादा मानतात. म्हणजे एका मापाने नापास, दुसर्‍याने काठावर पास. (सूत्र जपानी रुग्णांवरचं आहे हे विसरू नका.)

आणखी एक. छेदाची रेघ कुठे ओढली आहे ते स्वतः पाहा. मिडल हेपॅटिक व्हेन दात्याकडे राहणार असेल तर रेघ तिच्या उजवीकडून जायला हवी. सॉफ्टवेअरने ती शिरेवरूनच ओढली असेल तर ग्राफ्ट कागदावर फुगतो आणि दात्याचा उरलेला भाग तेवढाच घटतो.

बॅकटेबल

हिशोब वर नीट झालाच आहे. माझ्या मते ०.७३ की ०.८१ यापेक्षा दोन प्रश्न मोठे: रक्त बाहेर कसं पडणार, आणि आत किती जोरात येणार.

बाहेर पडण्याचं आधी. मिडल हेपॅटिक व्हेन नसलेल्या उजव्या लोबमध्ये सेगमेंट ५ आणि ८ च्या शिरा कापल्या जातात. पाच मिलिमीटरच्या वरच्या शिरा पुन्हा जोडायच्या, सहसा पीटीएफईच्या (कृत्रिम) नळीवर घेऊन. त्या सोडल्या तर तो भाग निळसर, ताठ पडतो आणि काट्यावर ५१३ ग्रॅम असलेला ग्राफ्ट काम मात्र ४०० ग्रॅमचंच करतो. जीआरडब्ल्यूआर १ असेल तर हे खपून जातं, ०.७३ ला नाही.

आता आत येणारं. फुगलेल्या प्लीहेतून येणारा पोर्टलचा (आतडी आणि प्लीहेचं रक्त यकृतात आणणाऱ्या शिरेचा) सगळा लोंढा छोट्या ग्राफ्टवर आदळतो. सायनुसॉइडचं (यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं) अस्तर सोलवटतं. शिवाय पोर्टल प्रवाह वाढला की हेपॅटिक आर्टरी (यकृताची धमनी) आपोआप आकसते, मग पित्तनलिकांना रक्त कमी पडतं. त्यामुळे ग्राफ्टला रक्त सुरू झाल्यावर पोर्टलचा दाब मोजायचाच. क्योटोच्या गटाने १५ मिमी पारा हे लक्ष्य रूढ केलं. वर असेल तर आधी स्प्लेनिक आर्टरी (प्लीहेची धमनी) बांधा, पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. तरीही उतरला नाही तर प्लीहा काढणं किंवा हेमिपोर्टोकेव्हल शंट (पोर्टलचं काही रक्त यकृत टाळून थेट मोठ्या शिरेत वळवणं). प्लीहा काढायला मी नाखूश असतो: रक्तस्राव, पोर्टलमध्ये गुठळी, पुढे आयुष्यभर जंतुसंसर्गाची धास्ती. तशी शक्यता दिसत असेल तर न्युमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) यांच्या लसी दोन आठवडे आधी.

दाब मोजताना सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) शेजारी लिहा. सीव्हीपी १२ असताना पोर्टल १७ दिसला म्हणून आर्टरी बांधायला धावू नका, फरक फक्त पाचचा आहे. आणि उलटंही होतं: मोठा स्प्लिनोरीनल शंट (प्लीहा आणि मूत्रपिंडाच्या शिरांमधली आडवाट) तसाच राहिला तर रक्त ग्राफ्टकडे न येता तिकडेच पळतं.

पहिला_क्लॅम्प

धन्यवाद दोघांनाही. म्हणजे शिरा नीट जोडल्या आणि दाब १५ खाली आला तर पत्नी चालेल. पण भावाचं काय?

स्टीॲटोसिस

भावाला बाद करू नका, बारीक करा.

एलएआय म्हणजे कॉन्ट्रास्टशिवायच्या सीटीवर यकृताचे हाउन्सफिल्ड (सीटीवरच्या घनतेचं एकक) वजा प्लीहेचे. अधिक ५ च्या वर असेल तर चरबी नगण्य, अधिक ५ ते उणे १० मध्ये सौम्य ते मध्यम, उणे १० खाली असेल तर ३० टक्क्यांहून जास्त. उणे ४ मधल्या पट्ट्यात येतं. यकृतात लोह साठलं असेल तर ते चरबी झाकतं, त्यामुळे शंका आली तर एमआरआय पीडीएफएफ (चरबीचं प्रमाण मोजणारी तपासणी).

आजच्या घडीला ३१ टक्के उरलेलं यकृत आणि तेही चरबीचं, हे दात्यासाठी नको. चरबी असताना ३५ खाली जायचं नाही. पण तोच भाऊ चरबी उतरल्यावर ३१ टक्क्यांवर स्वीकारता येतो. रोज १,००० ते १,२०० कॅलरी, प्रथिनं कमी न करता. दारू पूर्ण बंद. रोज तासभर भरभर चालणं. चार ते आठ किलो उतरले की यकृत बर्‍यापैकी मोकळं होतं, आणि ते चार ते आठ आठवड्यांत होऊ शकतं. उपाशी ठेवून पंधरा दिवसांत उतरवायचा हट्ट करू नका. नंतर नुसता एलएआय नाही, घनफळही पुन्हा मोजा: चरबी गेली की यकृत लहान होतं. ७९० चे ७०० झाले तरी दहा टक्के वजा करून ०.९ राहतं, म्हणजे पत्नीपेक्षा सरसच. तरी एलएआय अधिक ५ च्या खाली अडकला तर बायोप्सी.

हे सगळं मेल्ड १९ वर स्थिर आहे म्हणून. दर आठवड्याला क्रिएटिनिन, सोडियम, बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) बघा. मेल्ड २५ कडे सरकू लागला किंवा जलोदरात जंतुसंसर्ग झाला तर थांबण्यात अर्थ नाही, आणि गंमत अशी की तेव्हाच छोटा ग्राफ्ट सर्वांत कमी सोसतो. म्हणून पत्नीची तपासणी मध्येच सोडू नका, दोन्ही समांतर पूर्ण करा.

बॅकटेबल

सहमत. एवढंच जोडतो: पत्नीचाच ग्राफ्ट घ्यावा लागला तर पहिल्या आठवड्यात सलग तीन दिवस बिलिरुबिन ५.८ च्या वर, आयएनआर २ च्या वर, तिसर्‍या-चौथ्या श्रेणीची एन्सेफॅलोपॅथी (यकृत निकामी झाल्याने येणारी गुंगी, गोंधळ), यांपैकी कोणतीही दोन दिसली की स्मॉल-फॉर-साइज (ग्राफ्ट शरीराला अपुरा पडणं) म्हणायचं. पण ते नाव देण्याआधी डॉप्लरवर आर्टरी, पोर्टल आणि हेपॅटिक व्हेन तिन्ही चालू आहेत हे पाहा. आर्टरीतली गुठळी या नावाखाली दोन दिवस लपून राहिली तर ग्राफ्ट गेला.