खडकाळ किनारा आणि जवळची बेटे पाहण्यासाठी बोट भाड्याने घेताना काय पाहावे?

किनारवाट

येत्या सुटीत आम्ही सहा जण दोन दिवसांसाठी एका खडकाळ किनाऱ्यावर जाणार आहोत. रस्ता कड्यांच्या माथ्यावरून जातो, त्यामुळे समुद्र वरून दिसतो. पण कड्यांच्या पायथ्याच्या गुहा, दगडी कमानी आणि किनाऱ्यापासून तीन-चार सागरी मैलांवर असलेली दोन बेटे पाहायची असतील तर बोटीशिवाय मार्ग नाही. आमच्यात माझी ६८ वर्षांची आई आहे आणि ९ वर्षांचा मुलगा आहे. मला चांगले पोहता येते आणि तळ्यात लहान इंजिनाची बोट मी काही वेळा चालवली आहे, मात्र समुद्रावर कधीच नाही. तेथे बोट दोन प्रकारे भाड्याने मिळते: स्वतः चालवण्यासाठी किंवा तांडेलासह, म्हणजे बोट चालवणाऱ्या अनुभवी माणसासह. स्वतः चालवली तर हवे तेथे थांबता येईल, कोणाची घाई राहणार नाही, हा मोह मोठा आहे. तरीही निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. बोट ठरवताना नेमके काय विचारावे आणि काय तपासावे?

जुना सुकाणू

तांडेलासहच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या हुशारीवर शंका घेण्याचा हेतू नाही, पण तळ्यातला अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही. तळ्याचे पाणी आहे तेथेच राहते. समुद्राचे पाणी चढते, उतरते आणि शिवाय वाहतेही, आणि खडकाळ किनाऱ्यावर चुकीला जागाच कमी असते. वाळूच्या किनाऱ्याजवळ इंजिन बंद पडले तर बोट फार तर वाळूत रुतते. कड्याजवळ काय होईल याचा हिशेब करून पाहा. वारा आणि लाटा किनाऱ्याकडे ढकलत असतील आणि बोट केवळ एका नॉटच्या (ताशी एक सागरी मैल, म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर) वेगाने वाहू लागली, तरी ती मिनिटाला सुमारे ३१ मीटर सरकते, म्हणजे कड्यापासून १०० मीटरवर असलेल्या माणसाला जेमतेम तीन मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात इंजिन पुन्हा सुरू होईल या भरवशावर बसायचे नसते, नांगर टाकायचा असतो.

म्हणूनच कोणत्याही बोटीत पाऊल ठेवल्यावर मी प्रथम नांगर पाहतो. तो हाताशी आहे की सामानाच्या ढिगाखाली दडला आहे, साखळीचा जोड गंजला आहे का, दोराला गाठी आणि पीळ पडले आहेत का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोराचे दुसरे टोक बोटीला बांधलेले आहे का, हे हाताने ओढून पाहतो. ते टोक मोकळेच असलेली बोट मी डोळ्यांनी पाहिली आहे. तिचा नांगर टाकला असता तर दोरासकट समुद्रात गेला असता. दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट सोडावा लागतो, तेव्हा कुठे नांगर आडवा ओढला जाऊन तळ धरतो. त्यामुळे १० मीटर खोल पाण्यासाठी २० मीटर दोर ठेवणारा मनुष्य नांगर केवळ दाखवण्यापुरता बाळगतो, असे खुशाल समजावे.

तांडेलाशी बोलताना एक प्रश्न जरूर विचारावा: "कोणत्या परिस्थितीत आपण बोट काढत नाही?" ज्याला समुद्र कळतो तो या प्रश्नाला नेमके उत्तर देतो, अमुक दिशेचा वारा चौथ्या श्रेणीचा झाला की बेटाच्या त्या बाजूला जात नाही, असे काहीतरी सांगतो. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या बोफर्ट मापनात चौथी श्रेणी म्हणजे ११ ते १६ नॉटचा वारा. त्यात समुद्रावर जागोजागी पांढरे फेस फुटू लागतात आणि लहान बोटीतील नवख्या माणसाची मजा तेथेच संपते. "काळजी करू नका, आम्ही रोजच जातो" हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. हवा बिघडली तर फेरी रद्द करण्याचा निर्णय तांडेलाचा राहील आणि त्या स्थितीत पैसे परत मिळतील किंवा दुसरा दिवस मिळेल, हे आधीच लेखी ठरवून घ्यावे. पैसे बुडतील म्हणून प्रवासीच तांडेलाला निघण्याचा आग्रह करतात, आणि पुष्कळदा गोष्ट तेथूनच बिघडते.

स्वतःच चालवायची असेल तर परवान्याचे नियम देशागणिक वेगळे असतात, ते तपासावेच लागतील. बोयांच्या (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या) रंगांचे संकेतसुद्धा जगभर सारखे नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. समुद्रातून बंदरात शिरताना जगाच्या बहुतेक भागांत लाल बोया डाव्या हाताला ठेवतात. अमेरिका खंडांत आणि जपान, कोरिया, फिलिपिन्स येथे तोच उजव्या हाताला ठेवतात.

ओहोटी

वरील प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे, परंतु तांडेल सोबत असला म्हणजे आपण निश्चिंत व्हावे असे मात्र नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका भाड्याच्या बोटीने अशाच एका बेटावर उतरलो होतो. चालकाने दोन खडकांमधल्या चिंचोळ्या जागेत बोट बांधली आणि "दोन तास निवांत फिरा" असे सांगितले. आम्ही परत आलो तेव्हा बोट एका कुशीवर कलून खडकावर टेकलेली होती, तिच्याखाली गुडघाभरही पाणी नव्हते आणि ओल्या शेवाळावरून खेकडे फिरत होते. पाणी पुन्हा चढून बोट तरंगेपर्यंत आम्ही जवळजवळ पाच तास त्या उघड्या खडकावर काढले. सोबत एक लहान मूल होते, पिण्याचे पाणी संपत आले होते, आणि त्या चालकाचा राग मला आजही येतो, कारण हे टाळण्यासाठी भरतीचे वेळापत्रक एकदा पाहणे पुरेसे होते.

नंतर मी हा विषय नीट समजून घेतला. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास लागतात, पण पाणी त्या सहा तासांत सारख्या गतीने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी उतरते. समजा भरती-ओहोटीतला फरक ३.६ मीटर आहे. तर पहिल्या तासात पाणी केवळ ०.३ मीटर उतरते, म्हणजे जवळपास काहीच होत नाही असे वाटते, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून तब्बल १.८ मीटर उतरते. आम्ही नेमके भरतीनंतर दोन तासांनी उतरलो आणि चार तासांनी परत आलो. याहून वाईट वेळ शोधूनही सापडली नसती. हा हिशेब अंदाजाचा आहे आणि प्रत्येक किनाऱ्याला तंतोतंत लागू पडत नाही, तरी बेटावर उतरणाऱ्याने तो मनाशी करावाच.

त्यामुळे किनारवाट, माझी विनंती एवढीच की बेटावर उतरायचे असेल तर पाणी चढत असताना उतरा. त्या वेळी बोट टेकली तरी थोड्याच वेळात पाणी तिला स्वतःच उचलते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा हा फरक सर्वांत मोठा असतो आणि खडकांमधले प्रवाहही जोराचे असतात; अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा तो कमी असतो. दिवस बदलता येत असतील तर भांगाचे दिवस निवडावेत. आणखी एक लक्षात ठेवा: भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा आदल्या दिवशी ऐकलेली वेळ दुसऱ्या दिवशी वापरू नये.

किनारवाट

दोघांचेही मनापासून आभार. स्वतः बोट चालवण्याचा विचार मी सोडला आहे. आता प्रश्न बोटीच्या प्रकाराचा. एक जण हवा भरलेल्या कडांची वेगवान बोट देत आहे, दुसऱ्याकडे छत असलेली जुनी, रुंद, संथ बोट आहे. वेगवान बोटीने एका दिवसात दोन्ही बेटे होतील आणि गुहेत आतपर्यंत जाता येईल असे तो सांगतो. आईला बोट लागण्याची थोडी भीती वाटते.

पैलतीर

आई सोबत असतील तर संथ आणि रुंद बोटच घ्यावी. हवेच्या कडांची बोट उत्तम असते, पण लाटेवरून उडून ती पाण्यावर आपटते तेव्हा तो धक्का थेट पाठीच्या मणक्यात जातो. पुढच्या भागात बसलेल्यांना हा मार सर्वांत जास्त बसतो. ६८ व्या वर्षी असे आठ-दहा मैल कोणी सोसू नयेत. रुंद बोटीत त्यांना मध्यभागी किंवा थोडे मागे बसवा, कारण तेथे वरखाली हलणे सर्वांत कमी असते. मात्र इंजिनाचा धूर अंगावर येणार नाही अशी जागा पाहा. नजर क्षितिजावर ठेवावी, मोबाइलमध्ये घालू नये. बोट लागण्याचे औषध निघण्यापूर्वी घ्यावे लागते, मळमळू लागल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि त्यांची इतर औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

लाईफ जॅकेट म्हणून जे हातात देतील ते उलटून त्यावरील आकडा वाचा. न्यूटन हे जॅकेटच्या तरंगवण्याच्या जोराचे माप आहे. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्या आणि मदत अगदी जवळ असलेल्या माणसासाठी असते. शुद्ध हरपलेल्या माणसाला उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्याची हमी त्यात नाही. उघड्या समुद्रावर १५० न्यूटनचे मागावे. मुलासाठी त्याच्या वजनाचे आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेले जॅकेट हवे. ते घालून, खांद्याला धरून वर उचलून पाहा. जॅकेट कानापर्यंत सरकले तर पाण्यात मुलगा त्यातून निसटेल.

गुहेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण "आतपर्यंत नेतो" हे वाक्य मला खटकले. हवामानाच्या अंदाजात लाटांची जी उंची देतात ती सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. १ मीटरचा अंदाज असतानाही अधूनमधून त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीची लाट येऊ शकते. लाटा गटागटाने येतात. पाच मिनिटे पाणी शांत दिसते आणि मग तीन-चार मोठ्या लाटा लागोपाठ येतात. म्हणून गुहेच्या तोंडाशी दहा मिनिटे थांबून तिची भिंत पाहावी. दगड कोठपर्यंत ओला आणि चकाकता आहे, तेथपर्यंत नुकतेच पाणी चढलेले असते. ती ओली रेघ आणि छत यांच्यात किती अंतर उरते ते पाहा आणि त्यात बोटीवर बसलेल्या माणसाचे डोके मावते का याचा विचार करा. आतून हवा दाबली गेल्यासारखा धप्प असा आवाज येत असेल, तर लाट कोठेतरी छताला भिडत आहे. तेथे कोणीही कितीही सांगितले तरी आत जाऊ नये. गुहेबाहेरही कड्यावर आपटून परतणारी लाट येणाऱ्या लाटेशी भिडते आणि पाणी जागच्या जागी वरखाली उसळते, त्यामुळे कड्यापासून थोडे दूर राहिले की बोटही स्थिर राहते आणि कमानीची छायाचित्रेही चांगली येतात.

निघायचे ते सकाळी लवकर. जमीन तापली की दुपारी वारा समुद्रावरून किनाऱ्याकडे वाहू लागतो आणि सकाळी आरशासारखे असलेले पाणी तीन वाजेपर्यंत उसळू लागते.

सागरपक्षी

एक विनंती माझीही. अशा बेटांवरील कड्यांवर समुद्रपक्षी वसाहती करून घरटी घालतात. बोट फार जवळ गेली की सगळा थवा एकदम उडतो, आणि तेवढ्या वेळात उघडी पडलेली अंडी व पिल्ले इतर पक्षी उचलून नेतात. विणीच्या हंगामात उतरण्यास बंदी असते का, हे आधी विचारून घ्या. बंदी नसली तरी पक्षी माना वर करून अस्वस्थपणे हलू लागले की आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे फिरावे.

जुना सुकाणू

राहून गेलेल्या दोन गोष्टी. कड्यांच्या आड मोबाइलचा भरवसा नसतो, त्यामुळे बोटीवर व्हीएचएफ रेडिओ (बोटींमधील संपर्काचा बिनतारी संच) चालू असायला हवा. संकटाच्या हाकेसाठी १६ क्रमांकाची वाहिनी जगभर एकच आहे. तांडेलाला काही झाले तर तो रेडिओ कसा वापरायचा, हे निघण्यापूर्वी तुमच्यापैकी दोघांनी त्याच्याकडूनच शिकून घ्यावे. चांगला तांडेल आनंदाने दाखवतो. आणि इंधन: एक हिस्सा जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक राखीव. टाकी किती भरली आहे ते काट्यावर न पाहता, शक्य असेल तर झाकण उघडून पाहावे.

किनारवाट

कळवण्यास थोडा उशीर झाला. दोघांनाही दूरध्वनी केला आणि जुना सुकाणू यांनी सांगितलेला प्रश्न विचारला. वेगवान बोटवाल्याने "काळजीचे काही कारण नाही" असे उत्तर दिले. रुंद बोटीच्या तांडेलाने आधी मलाच विचारले, की आईंना चार पायऱ्यांची शिडी चढता-उतरता येते का, आणि मग सांगितले की समोरून वारा असेल तर दूरच्या बेटाकडे ते जाणारच नाहीत. बोट त्यांचीच घेतली आहे. पहिला दिवस ठरवला असून दुसरा हवा बिघडल्यास राखीव ठेवला आहे. सकाळी साडेसातला निघू. भरती त्या दिवशी ११ वाजून ४० मिनिटांनी पूर्ण होते, त्यामुळे जवळच्या बेटावर दहाच्या सुमारास, पाणी चढत असताना उतरू आणि भरती पूर्ण होण्यापूर्वी बोटीत परत येऊ. तेथे पक्ष्यांची वसाहत दुसऱ्या टोकाला आहे, त्या बाजूला जाणार नाही. मुलाच्या मापाचे जॅकेट त्यांच्याकडे नाही, ते मी सोबत नेत आहे.