हेलोमधली एनर्जी सोर्ड गॅदरिंगसाठी बनवायची आहे, सल्ला हवा (सांगली)

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. माझी पुतणी सांगलीत इंजिनिअरिंगला आहे. गॅदरिंगला तिचा ग्रुप 'हेलो' गेमवर एक प्रवेश बसवतोय. आर्बिटर आणि दुसरा एक एलाइट (एलाइट म्हणजे गेममधले परग्रहावरचे योद्धे, आर्बिटर त्यांच्यातलाच) समोरासमोर येतात, म्हणजे एनर्जी सोर्ड (उजेडाच्या पात्याची तलवार) दोन लागणार. ऑनलाइन ज्या बघितल्या त्यांत उजेड फक्त मुठीत, पातं नुसतं निळं प्लास्टिक. आम्हाला पातं उजळलेलं हवंय. दोन्ही मिळून तीन हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. कशाची बनवावी, सांगली-मिरजेत काय कुठे मिळेल? आणि ज्या मुलांनी हेलो खेळलेलाच नाही, त्यांनी आधी कोणता भाग खेळावा?

मिरजकर_११७:
खेळाचं आधी सांगतो. हेलो २ खेळायला लावा, दुसरा कुठलाही नाही. २००१ च्या पहिल्या हेलोमध्ये तलवार फक्त एलाइटच्या हातात दिसते. तो पडला की ती विझते, आपल्याला उचलता येत नाही. खेळाडूच्या हातात ती आली २००४ ला, हेलो २ मध्ये, आणि आर्बिटर म्हणून खेळायलाही पहिल्यांदा तिथेच मिळतं. स्टीमवर (गेम विकणारी साइट) 'मास्टर चीफ कलेक्शन' आहे त्यात हा भाग येतो, सेलमध्ये बराच स्वस्त पडतो. हेलो इन्फिनिटचं मल्टिप्लेअर फुकट आहे, पण त्याला मशीन दणकट लागतं आणि आर्बिटर काही त्यात भेटत नाही.

मुलांना एकच गोष्ट नीट बघायला सांगा: लंज. निशाण लाल झालं की खेळाडू समोरच्यावर झेपावतो आणि बहुतेक वेळा एका वारात काम तमाम. ही लांबलचक तलवारबाजी नाही. त्यामुळे स्टेजवर पात्यावर पातं आपटत बसू नका. दबा धरायचा, कडेकडेने सरकायचं, एक झेप, संपलं. पहिल्या भागात अदृश्य होऊन येणारे एलाइट आहेत. माणूस दिसत नाही, तलवार तेवढी हवेत चमकत येते. अंधाऱ्या स्टेजवर काळ्या कपड्यात हे करून बघा, अंगावर काटा येईल.

अजिंक्यतारा:
ताई, साताऱ्याहून लिहितेय. मी मर्दानी खेळ खेळते, म्हणून मुठीबद्दल बोलते. बहुतेक जण इथेच फसतात, साध्या तलवारीसारखी मूठ करून पुढे पाती चिकटवतात. एनर्जी सोर्डची मूठ आडवी असते, तिच्या दोन टोकांकडून दोन पाती निघतात आणि पुढे जातात. धरायची पद्धत आपल्या कट्यारीच्या जवळची आहे. मूठ आवळली की पातं हाताच्या रेषेत पुढे येतं. म्हणून वार मनगटातून काढायचाच नाही. पट्टा फिरवताना आम्हाला हेच शिकवतात, ताकद खांद्यातून आणि कमरेतून यायला हवी. तुमच्या पुतणीने कोपर अंगाजवळ ठेवून, पुढचा पाय टाकत भोसकण्याची सवय केली तर ती खरोखर एलाइट वाटेल.

जमलं तर मुलांना एकदा साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आणा. जुलै २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखं आधी इथेच मांडली होती. खरी शस्त्रं समोर बघितली की मूठ आणि पात्याचं नातं फोटोपेक्षा लवकर कळतं.

कुपवाडचा_कारागीर:
माझं कामच ॲक्रिलिकचं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. ५ किंवा ६ मिमीचं पारदर्शक ॲक्रिलिक घ्या, आणि 'कास्ट' शीटच मागा. त्यावर लेसरने कोरलेली रेघ दुधी पांढरी उमटते. एक्स्ट्रूडेडवर ती नीट उठत नाही. नावाच्या पाट्या आणि ट्रॉफी करणाऱ्यांकडे लेसर मशीन असतं, पेनड्राइव्हवर डिझाइन न्या, कापून देतात. तुकडा उरलेल्या मालातला मागितला तर पैसे वाचतील. पॉलिकार्बोनेट घेऊ नका, ते लेसरवर पिवळं जळतं. आणि पीव्हीसीचा फोमशीट कोणी लेसरवर कापायला निघालं तर थांबवा, त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू सुटतो.

उजेड पात्याच्या बुडातून आत सोडायचा. तो आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो आणि जिथे पृष्ठभाग खरवडलेला असेल तिथेच बाहेर पडतो. म्हणून बुडाशी रेघा विरळ आणि टोकाकडे दाट कोरा, नाहीतर मूठ झगझगीत आणि टोक मलूल दिसेल. कडा २२० च्या पॉलिश पेपरने घासा, कडेची रेघ उठून दिसते. एलईडी पट्टी ५ व्होल्टची, कूल व्हाइट घ्या, निळी नको. बुडाशी निळ्या जिलेटीनचा तुकडा लावला की हवा तो फिकट निळसर पांढरा रंग येतो. पॉवर बँक लावू नका, एवढ्या कमी करंटवर काही पॉवर बँका आपोआप बंद होतात. तीन पेन्सिल सेलचा होल्डर मुठीत बसतो, स्विच अंगठ्याखाली ठेवा. मूठ ईव्हीए फोमची करा.

पात्याची टोकं गोल करून घ्या. ॲक्रिलिक आपटलं की तडकतं आणि तुकडा धारदार निघतो. मिरजकर म्हणतात तसं, पातं पात्याला लागूच देऊ नका.

तिसरी_घंटा:
आमच्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, तेव्हा स्टेजच्या बाजूने एक. फुल लाइटमध्ये ही तलवार अजिबात दिसणार नाही, कितीही चांगली बनवा. प्रकाशयोजना करणाऱ्याला आधीच गाठा. समोरचे लाइट पूर्ण बंद, मागून मंद निळा, एवढंच मागा. आणि तलवार पहिल्यापासून पेटवून आणू नका. मूठ हातात, अंधार, आणि संवादाच्या शेवटच्या शब्दावर स्विच.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. मुठीचं तर आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एक विचारते, पुतणी पाच फूट तीन इंच आहे. लांबी किती ठेवू?

कुपवाडचा_कारागीर:
एलाइट आठ फुटांच्या आसपासचा गडी, त्याच्या मापाची तलवार तिला पेलणार नाही. मूठ धरून ८० सेंमीच्या पुढे जाऊ नका. आधी पुठ्ठ्याची कापून तिच्या हातात द्या, दोन पात्यांमधलं अंतर त्यावरच ठरवा आणि मग मशीनवर न्या.

अजिंक्यतारा:
आणि तालीम त्या पुठ्ठ्यावरच करा. ॲक्रिलिकची रंगीत तालमीलाच काढा.