‘आवेग’, ‘उबळ’ की ‘नाद’?

पानगळ: पार्किन्सनच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी एक पत्रक मराठीत करतेय. ‘इम्पल्स कंट्रोल डिसऑर्डर’ला ‘आवेग-नियंत्रण विकार’ लिहिलं. एका काकूंनी वाचून विचारलं, “म्हणजे हे चिडतात त्याबद्दल का?” चिडण्याचा संबंधच नाही. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांवर असताना काहींना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामवासना आवरत नाही, हे सांगायचंय. शब्द सुचवा.

कोल्हापुरी: ‘उबळ’. खोकल्याची येते तशी खरेदीची.

दौतटाक: उबळ येते आणि जाते. रात्ररात्र रमी खेळणाऱ्याला ‘नाद’ लागलाय म्हणतात. पत्रकात मात्र ‘आवेग’च ठेवा. परिभाषेची शिस्त सोडली की जो तो आपापला शब्द लिहिणार.

न्यूरोवाली: आधी आत काय होतं ते बघा. पार्किन्सनमध्ये डोपामिन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, आणि या गोळ्या डोपामिनचं काम करतात. पण त्या पेशी सगळ्या एकदम मरत नाहीत. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या स्ट्रायटमच्या वरच्या, हालचाली सांभाळणाऱ्या भागाला डोपामिन पुरवणाऱ्या आधी जातात. खालच्या, बक्षिसाची गोडी लावणाऱ्या भागाच्या पेशी बऱ्याच टिकतात. हात हलावा म्हणून बेतलेला डोस तिथे जास्त होतो. त्यात डोपामिन पकडणारे जे ग्राही पेशींवर असतात, त्यांतल्या डी-३ प्रकाराला या गोळ्या विशेष चिकटतात आणि ते ग्राही तिथेच दाट असतात. शिवाय हरल्यावर डोपामिन क्षणभर घसरतं, त्यातून मेंदू ‘पुन्हा नको’ हे शिकतो. गोळी ग्राहींवर बसूनच असल्याने ती घसरण जाणवत नाही, असं मानतात. पैसे गेलेले कळतात, पण टोचत नाहीत. ‘आवेग’ यातलं निम्मंच सांगतो.
आणि हे दुर्मीळ नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, ३,०९० रुग्णांच्या अमेरिका-कॅनडातल्या पाहणीत अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के जणांना हा त्रास होता, न घेणाऱ्यांपैकी ६.९ टक्के जणांना.

दौतटाक: मग ‘अनावरता’ घ्या. सुटलाय तो आवरच.

कोल्हापुरी: ‘अनावरता’ कोण बोलतं हो? आमच्याकडे सरळ ‘चळ लागला’ म्हणतात.

पानगळ: ‘चळ’ नको. म्हातारपणी बुद्धी फिरली असंच घरच्यांना वाटत असतं. गोळीमुळे होतंय हे कळावं म्हणून तर पत्रक आहे.

साखरवेळ: माझे सासरे रेडिओ उघडून स्क्रू आकाराप्रमाणे लावायचे, पहाटेपर्यंत. मग सगळे एकत्र करून पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई म्हणायच्या, “चाळा लागलाय.” डॉक्टरांनी ‘पंडिंग’ सांगितलं.

न्यूरोवाली: ‘पंडिंग’ स्वीडनमधल्या अ‍ॅम्फेटामिन घेणाऱ्यांच्या बोलीतून आलाय. त्याला ‘चाळा’ अगदी चपखल आहे. पानगळ, एक वाक्य ठळक छापा: गोळी आपल्या मनाने बंद करू नये. अचानक थांबवली तर घबराट, नैराश्य येऊ शकतं.

दौतटाक: ‘चळ’ आणि ‘चाळा’ दोन्ही ‘चल्’ धातूचे.

कोल्हापुरी: मला तर ‘चाळणे’वरून वाटतो. स्क्रू चाळत बसणं, धान्य चाळत बसणं.

पानगळ: पण मथळा काय देऊ?

दौतटाक: काहीही द्या, ‘चाळे’ असं अनेकवचन तेवढं करू नका. अर्थ पार बदलतो, आणि तुमच्या पत्रकात कामवासनेचा उल्लेख आहे.

साखरवेळ: का बदलावा? ‘बोटांचे चाळे’ आम्ही लहान मुलांनाही म्हणतो.