गिनीपिगची खाज एका इंजेक्शननंतर पुन्हा सुरू झाली आहे, पुढील उपचारांबाबत मदत हवी आहे

माझ्याकडे गिनीपिगच्या दोन माद्या आहेत. थोरली साडेतीन वर्षांची आहे, धाकटी एक वर्षाची, आणि दोघी एकाच पिंजऱ्यात राहतात. थोरलीच्या त्रासाने मी फार काळजीत आहे, म्हणून सर्व हकिगत क्रमाने लिहिते. ज्यांनी हा आजार स्वतःच्या प्राण्यांमध्ये पाहिला आहे किंवा त्यावर उपचार केले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सुमारे पाच आठवड्यांपूर्वी तिच्या मानेवर आणि खांद्यांच्या मध्ये कोंड्यासारखे पांढरे कण दिसू लागले. केस गळण्याचा हंगाम असेल असे समजून मी आठवडाभर काहीच केले नाही, आणि त्यानंतर कातडी कोरडी पडली असावी या समजुतीने दोनदा थोडे तेल लावले. हा उशीर माझ्याकडून झाला, याचे मला वाईट वाटते. त्या दिवसांत पाठीवरचे केस विरळ होत गेले, मांड्यांच्या आतल्या बाजूला पिवळसर खपल्या धरल्या आणि ती मागच्या पायाने इतके जोरात खाजवू लागली की दोन ठिकाणी रक्त आले.

मग मी तिला पशुवैद्यांकडे नेले. त्यांच्याकडे मुख्यतः कुत्री आणि मांजरे येतात. त्यांनी कातडी खरवडून नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, पण त्यात किडे किंवा अंडी काहीच आढळले नाही. तरीही लक्षणांवरून खरजेचा संशय व्यक्त करून त्यांनी आयव्हरमेक्टिन या किडे मारणाऱ्या औषधाचे एक इंजेक्शन कातडीखाली दिले आणि गरज वाटल्यास पुन्हा यावे असे सांगितले. पुढील पाच-सहा दिवस खाज स्पष्टपणे कमी होती आणि ती शांत झोपूही लागली, परंतु बाराव्या दिवसापासून सर्व पुन्हा पूर्वीसारखे सुरू झाले. काल रात्री तर खपल्या पाहण्यासाठी मी तिला उचलले असता तिचे अंग ताठ झाले, ती कुशीवर पडली आणि अर्धा-पाऊण मिनिट पाय झाडत राहिली. नंतर ती सावरली आणि थोडे गवतही खाल्ले, पण मला रात्रभर झोप लागली नाही. महिन्याभरात तिचे वजन ९४० ग्रॅमवरून ८८० ग्रॅमवर आले आहे.

मला मुख्यतः हे समजून घ्यायचे आहे की तपासणीत काहीच सापडले नसताना ही खरूजच आहे असे मानावे, की हा नायटा किंवा दुसरा काही आजार असू शकतो. तसेच एका इंजेक्शनने आजार परतला याचा अर्थ औषध लागू पडत नाही असा घ्यायचा का, आणि कालचा झटका हा खाजेशी संबंधित आहे की तिला आकडीचा वेगळा विकार जडला आहे? धाकटी अजिबात खाजवत नाही. तिलाही औषध द्यावे लागेल का? घरात कुत्र्यासाठी आणलेला गोचीड-पिसवांचा फवारा आहे, आणि तो थोडा मारून पाहावा असे एका परिचितांनी सुचवले आहे. मी अद्याप तो वापरलेला नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे माझ्या दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला चार दिवसांपासून लाल, खाजरे पुरळ उठले आहेत.

प्रतिसाद १

सर्वांत आधी, तो फवारा कृपया वापरू नका. कुत्र्यांसाठी बनवलेल्या अनेक उत्पादनांत परमेथ्रिन किंवा फिप्रोनिल हे कीटकनाशक असते, त्याचे प्रमाण कुत्र्याच्या वजनाच्या हिशोबाने ठरवलेले असते, आणि एक किलोहूनही हलक्या, अंगावर जखमा असलेल्या प्राण्यावर त्याची मात्रा किती गेली हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरे म्हणजे, आज शक्य असेल तर आजच तिला पुन्हा पशुवैद्यांकडे न्या. गिनीपिगची खरूज ज्या किड्यामुळे होते त्याचे नाव ट्रिक्साकॅरस केव्हिई. १९७२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन झाले. हा किडा कातडीच्या वरच्या थरात बिळे करून राहतो आणि त्याची खाज इतकी असह्य असते की नुसत्या स्पर्शाने किंवा खाजवता खाजवता प्राण्याला झटका येऊ शकतो. तुम्ही वर्णन केलेला प्रसंग, म्हणजे उचलताच अंग ताठ होणे आणि थोड्या वेळाने सावरून पुन्हा खाऊ लागणे, तंतोतंत तसाच आहे. माझ्याकडच्या एका नराला असे तीन झटके आले होते, आणि किडे मेल्यानंतर एकही आला नाही. तरीही घरी वाट पाहण्याची ही वेळ नव्हे, कारण अशा अवस्थेत प्राणी दगावतात. झटका आवरण्याचे औषध आणि वेदनाशामक या दोन्ही गोष्टी पशुवैद्यच देऊ शकतात. तोपर्यंत तिला शक्य तितके कमी हाताळा, आणि उचलावेच लागले तर पाठीला न चोळता पोटाखालून दोन्ही हातांचा आधार देऊन उचला.

तपासणीत काही न सापडणे ही या आजारात नेहमीची गोष्ट आहे. किडे बिळांत लपलेले आणि विखुरलेले असतात, त्यामुळे खरवडलेल्या जागी नेमका किडा असेलच असे नाही. म्हणूनच अनुभवी पशुवैद्य नमुना स्वच्छ निघाला तरी लक्षणे पाहून उपचार सुरू करतात आणि त्यांचा परिणाम पाहून निदान पक्के करतात. तुमच्या पशुवैद्यांनी हेच केले आणि त्यांचा अंदाज बरोबर होता, असे माझे मत आहे. उणीव राहिली ती पुढच्या मात्रांची. आयव्हरमेक्टिनने किडे मरतात, अंडी मरत नाहीत. अंड्यापासून पूर्ण वाढ झालेल्या किड्यापर्यंतचा प्रवास सुमारे दोन आठवड्यांत होतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात बरे वाटून बाराव्या दिवशी खाज परतणे हे नव्याने बाहेर पडलेल्या पिढीचे लक्षण आहे, औषध निकामी ठरल्याचे नव्हे. सामान्यतः ७ ते १४ दिवसांच्या अंतराने किमान तीन मात्रा द्याव्या लागतात, आणि लक्षणे गेली म्हणून शेवटची मात्रा टाळायची नसते.

एक सूचना आग्रहाने करतो. हे औषध स्वतः आणून घरी देण्याचा विचारही करू नका. वापरात असलेली मात्रा साधारणपणे दर किलो वजनामागे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम इतकी असते. मोठ्या जनावरांसाठी मिळणाऱ्या एक टक्का द्रावणात दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असते. ८८० ग्रॅमच्या गिनीपिगला ०.४ च्या हिशोबाने जेमतेम ०.३५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३५ मिलिलिटर द्रावण लागेल; साध्या सिरिंजमध्ये इतका बारीक थेंब मोजताच येत नाही आणि हाताच्या किंचित चुकीने मात्रा दुप्पट-तिप्पट होते. घोड्यांना तोंडावाटे देण्याची पेस्ट तर मुळीच नको, कारण तिचा कण कापून नेमकी मात्रा देणे अशक्य असते. सेलामेक्टिन नावाचे मानेमागे कातडीवर टाकायचे औषधही गिनीपिगमध्ये चांगले चालते आणि टोचणे टळत असल्याने झटके येणाऱ्या प्राण्याला ते सोपे जाते. त्याबद्दल तुमच्या पशुवैद्यांना विचारून पाहा. ते टाकण्यापूर्वी आणि नंतर काही दिवस आंघोळ किंवा तेल नको.

धाकटीलाही त्याच वेळी, तिच्या स्वतःच्या वजनानुसार औषध द्यावेच लागेल. काही प्राणी बाहेरून निरोगी दिसत असतानाही किडे बाळगून असतात, आणि थोरली बरी झाल्यावर तिला पुन्हा लागण तिथूनच होते. फक्त धाकटी गाभण असण्याची शक्यता असल्यास ते आधी सांगा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. नायट्याबद्दलच्या शंकेपुरते लिहिते. गिनीपिगचा नायटा बहुधा नाकावर, डोळ्यांभोवती आणि कानांवर सुरू होतो, त्यात केस गोलाकार चट्ट्यांत जातात आणि खाज बेताची असते. मान, खांदे आणि मांड्यांच्या आतली बाजू, सोबत जीव नकोसा करणारी खाज, हे चित्र खरजेचे आहे. उवा असत्या तर केस बाजूला सारल्यावर त्या नुसत्या डोळ्यांनीही हलताना दिसल्या असत्या. तीन वर्षांवरील माद्यांमध्ये अंडाशयातील गाठींमुळेही केस जातात, परंतु ते दोन्ही कुशींवर सारखे जातात आणि खाज नसते. तरी पशुवैद्य तिला तपासणारच आहेत, तेव्हा पोटही चाचपून घ्यायला सांगा. कानांमागचा छोटा बिनकेसांचा भाग मात्र सर्वच गिनीपिगना असतो. त्याने घाबरू नये.

रक्त आलेल्या जागी जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविक द्यावे लागेल. त्या वेळी हे अवश्य लक्षात ठेवा की पेनिसिलिन गटातील औषधे, म्हणजे अमॉक्सिसिलिनसुद्धा, आणि क्लिंडामायसिन ही गिनीपिगच्या आतड्यांतील उपयुक्त जिवाणूंचा समतोल बिघडवून जीवघेणी ठरू शकतात. मुख्यतः कुत्र्या-मांजरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना ही आठवण नम्रपणे करून देण्यात काहीच गैर नाही.

तुमच्या हातांवरील पुरळ बहुधा याच किड्यांमुळे आहे. माणसाच्या कातडीवर हे किडे फार काळ टिकत नाहीत आणि प्राणी बरा होताच पुरळही सहसा जाते, परंतु नायटा माणसालाही लागतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून गिनीपिगची हकिगत सांगा.

धागाकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. आज दुपारी दोघींना घेऊन गेले होते. थोरलीला दुसरे इंजेक्शन आणि मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक दिले, धाकटीला पहिले इंजेक्शन दिले, आणि पुन्हा झटका आल्यास काय करायचे तेही समजावून दिले. पुढील तारखा दहा-दहा दिवसांनी ठरल्या आहेत. अमॉक्सिसिलिनबद्दल विचारल्यावर पशुवैद्यांनी ते केसपेपरवर लाल अक्षरांत लिहून ठेवले. आता पिंजऱ्याचे काय करावे? त्यात लाकडी घर आणि कापडी अंथरूण आहे. आणि पुढे हे पुन्हा होऊ नये म्हणून काय सांभाळावे?

प्रतिसाद १

ज्या दिवशी औषध दिले जाते त्याच दिवशी पिंजरा पूर्ण रिकामा करून गरम पाण्याने आणि साबणाने धुवावा व कोरडा करावा, म्हणजे उपचार झालेला प्राणी जुन्या किड्यांत परत जात नाही. प्रत्येक मात्रेच्या दिवशी हेच पुन्हा करावे. कापड ६० अंशांच्या पाण्यात धुता येते. लाकडाच्या फटी मात्र नीट स्वच्छ होत नाहीत, म्हणून ते घर मी तरी टाकून दिले असते आणि उपचार संपेपर्यंत पुठ्ठ्याची खोकी वापरून दर वेळी बदलली असती. उरलेले उघडे गवतही वापरू नका. पिंजऱ्यावर कीटकनाशक फवारण्याची गरज नाही.

पुढे नवा गिनीपिग आणलात तर त्याला तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याच्यासाठीचे ब्रश, टॉवेल वेगळे ठेवा. अंगावर थोडे किडे असूनही प्राणी कित्येक महिने ठीक असतो आणि आजारपण, गर्दी, घर बदलणे किंवा क जीवनसत्त्वाची कमतरता यांनी प्रतिकारशक्ती खालावली की ते एकदम वाढतात. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. निरोगी प्राण्याला रोज दर किलोमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास, तर आजारी किंवा गाभण प्राण्याला ३० मिलिग्रॅमपर्यंत ते मिळायला हवे. ढोबळी मिरची त्यासाठी उत्तम आहे. पिण्याच्या पाण्यात थेंब टाकून उपयोग होत नाही, कारण ते पाण्यात लवकर नष्ट होते. थोरलीच्या मागच्या पायांची नखे कापून घ्या आणि तिचे वजन रोज त्याच वेळी करा. घट थांबली नाही किंवा तिने अर्धा दिवस खाणे सोडले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

धागाकर्ती

साडेचार आठवड्यांनी लिहीत आहे. थोरलीच्या तीन मात्रा पूर्ण झाल्या, आणि धाकटीचीही तिसरी मात्रा गेल्या आठवड्यात झाली. दुसऱ्या मात्रेनंतर तिसऱ्या दिवशी थोरलीला एक सौम्य झटका आला होता, त्यानंतर एकही नाही. खपल्या आपोआप गळून पडल्या, पाठीवर मखमलीसारखे नवे केस येत आहेत आणि आज सकाळी वजन ९२५ ग्रॅम भरले. त्वचारोगतज्ज्ञांनी माझ्या हातांना फक्त खाज शमवणारे मलम दिले होते, ते आता लागत नाही. खबरदारी म्हणून पशुवैद्यांनी दोघींना आणखी दोन आठवड्यांनी तपासणीसाठी बोलावले आहे, आणि तोपर्यंत पुठ्ठ्याची खोकी बदलणे मी चालूच ठेवणार आहे.