पोर्टरची कबुली खरी की खोटी?

चित्ररसिक : जोसेफ मँकिविट्झ यांचा ‘अ लेटर टू थ्री वाइव्ह्ज’ (१९४९) हा चित्रपट पुन्हा पाहिला. मुलांच्या सहलीसाठी बोटीत चढणाऱ्या तीन मैत्रिणींना गावातल्याच अ‍ॅडी रॉस या बाईची चिठ्ठी मिळते, की तुमच्यापैकी एकीच्या नवऱ्याला घेऊन मी गाव सोडत आहे. शेवटी त्यांच्यातल्या डेबोराची खात्रीच पटते, की गेला तो आपलाच ब्रॅड, आणि ती क्लबातून उठून निघते. तेव्हा दुसरी मैत्रीण लोरा मे हिचा नवरा पोर्टर सांगतो, की अ‍ॅडीबरोबर निघालो होतो तो मी, पण माझा विचार बदलला. माझ्या मते ही कबुली खरी आहे.

निशिगंध : मला हे पटत नाही. डेबोराचा रडवेला चेहरा पाहूनच तो बोलतो. इतका वेळ तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेल्या माणसाला नेमके त्याच क्षणी सत्य आठवावे, याचा अर्थ त्याने दुसऱ्याच्या संसारासाठी आळ स्वतःवर ओढून घेतला, असाच मी लावते.

चित्ररसिक : ब्रॅड खरोखर गेला असता तर ही थाप एका दिवसात उघडी पडली असती आणि डेबोराला दुप्पट दुःख झाले असते. शिवाय साक्षीदारांदेखत बोलून, आता हवा तसा घटस्फोट घे, असे तो लोरा मेला सुचवतो. केवळ दयेपोटी कोणी इतके पणाला लावत नाही. त्याच्या घरातला तो प्रसंग आठवा. पियानोवर चांदीच्या चौकटीत अ‍ॅडीचे छायाचित्र आहे आणि लोरा मे त्याच्याकडे पाहत म्हणते, की मलाही अशीच चौकट हवी, पण माझ्या स्वतःच्या घरातल्या, स्वतःच्या पियानोवर. रुळांलगतच्या, गाडी गेली की भांड्यांसकट हादरणाऱ्या घरातून आलेली ही मुलगी! तिने आपल्याशी पैशासाठीच लग्न केले, हा सल पोर्टरला वर्षानुवर्षे खात होता. असा माणूस अ‍ॅडीकडे का वळला, हे वेगळे सांगायला नको.

निशिगंध : पियानोचा मुद्दा मान्य आहे, आणि थाप टिकली नसती हेही. तरी माझे मन लोरा मेपाशीच अडते. कबुली खरी मानली, तर तिचे ‘मी काही ऐकलेच नाही’ हे उत्तर नुसते प्रेमळ राहत नाही. हाती आलेली सारी मालमत्ता ती त्या एका वाक्यात सोडून देते. लिंडा डार्नेलने ते किती सहज, आवाज न चढवता म्हटले आहे! त्यानंतर दोघे नाचायला उठतात आणि रिकाम्या टेबलावरचा पेला आपोआप कलंडून फुटतो.