सहा जणांसाठी टोमॅटो-लसणाचा पास्ता: तेल कोणतं घ्यावं, टोमॅटो कोणते?

राजेंद्रनगरची सून

रविवारी मुंबईची नणंद मुलांना घेऊन येतेय. भाचीने फोनवर आधीच सांगून ठेवलंय, "मामी, क्रीम-चीजवाला नको, नुसता टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्ह ऑइलचा पास्ता कर." घरचे-पाहुणे धरून सहा जण. सामान इतकं थोडं की काही बिघडलं तर झाकायला मसालाही नाही, म्हणून आधीच विचारते.

दुकानात तेलाच्या तीन बाटल्या दिसल्या: एक्स्ट्रा व्हर्जिन, लाइट आणि पोमेस. भावात जमीन-अस्मानाचा फरक. दुकानदाराचं म्हणणं, एक्स्ट्रा व्हर्जिन फक्त सॅलडवर, गॅसवर पोमेसच चालतं. खरं आहे का? टोमॅटो चोइथराम मंडीतले ताजे घ्यावेत की डब्यातले? शिवाय बाहेर खाल्लेल्या पास्त्यात तेल सगळं ताटलीच्या तळाशी साचलेलं असतं, ते कसं टाळायचं? आणि सासऱ्यांना कवळी आहे, त्यांना घट्ट पास्ता चावणार नाही. लोखंडी कढई मोठी आहे, तीच वापरू का?

मालवी गहू

ताई, लोखंडी कढई अजिबात नको. टोमॅटोच्या आंबटपणाने लोखंड सुटतं, रस्सा काळपट होतो आणि जिभेला धातूची चव लागते. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या, पसरट असेल तर उत्तम.

आता पास्त्याचं पाकीट. मागच्या बाजूला घटक वाचा. तिथे ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला हवा. मैदा दिसला तर पाकीट परत ठेवा. ड्युरम म्हणजे आपला मालवी कठिया गहू, ज्याचे बाफले आणि लाडू आपण करतो. माझं माहेर देवासकडचं, आमच्या शेतात हाच गहू असतो. दाणा काचेसारखा कडक, पिवळसर, दळताना त्याचा रवा पडतो. म्हणूनच तो उकळत्या पाण्यातही आकार धरून राहतो आणि मैद्याचा पास्ता लगदा होतो. इटलीत तर १९६७ पासून कायद्याने सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच करावा लागतो. आपल्या इंदूरच्या गहू संशोधन केंद्रातून मालवशक्ती, पोषण अशा ड्युरमच्या जाती निघाल्या आहेत. इतका चांगला गहू आपल्या दारात पिकतो, तेव्हा पाकीट निवडताना आपण तरी नीट वाचून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

सहा जणांना अर्धा किलो पास्ता, एक किलो टोमॅटो, सात-आठ मोठ्या पाकळ्या लसूण आणि सहा टेबलस्पून तेल. लसूण रियावनचा मिळाला तर पाकळ्या कमी घ्या, तो फार तिखट असतो. रतलाम जिल्ह्यातल्या त्या लसणाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते त्या तिखटपणाच्या जोरावरच मिळालं असं मी मानते.

टोमॅटो ताजेच घ्या, पण पूर्ण पिकलेले, लाल, दाबल्यावर किंचित दबणारे. मंडीत जे कडक, लांबट, जाड सालीचे संकरित टोमॅटो असतात ते प्रवासाला चांगले, पण नुसत्या त्यांचा रस्सा करू नका. निम्मे तसले आणि निम्मे गोल देशी घेतलेत तर दळ आणि आंबटपणा दोन्ही मिळतं. अर्धे चिरा आणि कापलेली बाजू किसणीवर घासा. गर खाली पडतो, साल हातात राहते. सोलायची, उकडायची भानगड नाही.

लसणाकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघा. तेल तापवून त्यात लसूण टाकायचा ही आपली फोडणीची सवय, ती इथे बाजूला ठेवायची. थंड तेलातच लसणाच्या पातळ चकत्या घाला आणि मग गॅस लावा, अगदी मंद. हळूहळू कडेने बारीक बुडबुडे येतात, लसूण आधी पारदर्शक होतो, मग कडा फिकट सोनेरी होऊ लागतात. त्या क्षणी टोमॅटो ओता. तांबूस होईपर्यंत थांबलात तर कडवटपणा सगळ्या रश्श्यात उतरतो आणि मग साखर घालूनही तो जात नाही. टोमॅटो पडले की मीठ घाला, आच मध्यम करा आणि पंधरा-वीस मिनिटं उघडंच शिजू द्या. कच्चा वास गेला, चमच्याने तळाशी रेघ ओढल्यावर ती क्षणभर राहिली, की झालं.

पास्त्याला पाणी भरपूर हवं: दर शंभर ग्रॅमला एक लिटर, आणि लिटरमागे दहा ग्रॅम मीठ. एवढं मोठं भांडं नसेल तर दोन पातेली चढवा. पाण्यात तेल घालू नका, रस्सा मग पास्त्याला धरत नाही. पाकिटावर जी वेळ लिहिली असेल त्याच्या दोन मिनिटं आधी एक तुकडा काढून मधोमध कापून बघा. आत पांढरा ठिपका दिसला पाहिजे, अर्धवट शिजलेल्या भाताची कणी असते तसा. त्याच वेळी झाऱ्याने पास्ता थेट टोमॅटोत काढा, सोबत त्याच पाण्याचे दोन डाव घाला, आणि आच वाढवून दोन मिनिटं जोरात हलवा.

तुमच्या तेलाच्या प्रश्नाचं उत्तर याच दोन मिनिटांत आहे. त्या पाण्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो. तो तेल आणि टोमॅटोचं पाणी एकत्र धरून ठेवतो. रश्श्यावर तवंग आपल्याला आवडतो, पण इथे तेल वेगळं दिसता कामा नये. सगळं मिळून आलं पाहिजे, चकचकीत आणि किंचित दाट. बहुतेक ठिकाणी पास्ता आधी उकडून, धुऊन, निथळत ठेवतात आणि रस्सा वरून ओततात. धुतल्यावर तो स्टार्चच नळाखाली जातो.

सासऱ्यांसाठी त्यांच्या वाट्याचा पास्ता तीन-चार मिनिटं जास्त पाण्यातच राहू द्या, मग रश्श्यात घाला. लांब स्पॅगेटीपेक्षा छोटी मॅकरोनी आणलीत तर त्यांना चमच्याने खाता येईल, आणि मुलांचीही हरकत नसेल.

सियागंज

तेलावर दोन शब्द, कारण माझा धंदाच किराण्याचा आहे. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे फळं दाबून काढलेलं, रसायन न वापरलेलं तेल, आम्लता ०.८ टक्क्याच्या आत. पोमेस म्हणजे त्यानंतर उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून काढलेलं आणि मग शुद्ध केलेलं तेल. लाइट हे शुद्ध केलेलं तेल, त्यात थोडं व्हर्जिन मिसळतात. ते रंगा-वासाला हलकं असतं, उष्मांक तेवढेच. मंद आचेवर लसूण परतायला एक्स्ट्रा व्हर्जिन बिनधास्त चालतं. पुऱ्या तळायला मी ते देणार नाही, पण या पदार्थात तेलाचा वासच चव देतो. म्हणून पाच चमचे गॅसवर आणि एक चमचा शेवटी, गॅस बंद करून, कच्चा.

बाटली छोटी घ्या, गडद काचेची. उजेड आणि उष्णता दोन्हीने ते खवट होतं, तेव्हा गॅसशेजारच्या फळीवर ठेवू नका.

पोहे-जिरावन

काकू, मुलं आहेत तर कांदा, शिमला मिरची आणि वरून थोडा जिरावन मसाला घाला ना. आमच्याकडे असाच करतात, पातेलं पुसून खातात.

मालवी गहू

तसाही छान लागतो, वेगळ्या दिवशी जरूर करा. पण भाचीने जो मागितलाय त्यात टोमॅटो आणि लसूण स्पष्ट कळले पाहिजेत. जिरावनमधल्या आमचूर आणि काळ्या मिठाने टोमॅटोचा स्वतःचा आंबट-गोडपणा दबतो. तिखट हवंच असेल तर लसणाबरोबर तेलात एक सुकी लाल मिरची मोडून टाका. इटलीतही तसं करतात.

राजेंद्रनगरची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. पाहुणे दुपारी एकच्या सुमाराला पोचतील, आधी किती करून ठेवू? आणि वरून घालायला बेसिलची पानं नाही मिळाली तर अंगणातली तुळस चालेल?

मालवी गहू

रस्सा शनिवारी रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवा, बिघडत नाही, उलट मुरतो. पास्ता मात्र सगळे हात धुऊन बसायला लागले की पाण्यात सोडा. रस्सा दुसऱ्या गॅसवर गरम तयार ठेवा. थांबायचं माणसांनी, पास्त्याने नाही.

तुळस नको. तिचा लवंगेसारखा उग्र वास लसणावर चढतो. बेसिल तिच्याच कुळातलं, पण वेगळं झाड. फालुद्यात घालतो तो सब्जा बेसिलचंच बी आहे. कुंडीत पेरलंत तर पुढच्या वेळेला पानं घरचीच होतील. वास थोडा बडीशेपेकडे झुकू शकतो, तरी चालतो. या रविवारी काहीच नाही घातलं तरी पदार्थ पूर्ण आहे.

आणि पास्ता काढून झाल्यावर ते पाणी लगेच मोरीत ओतू नका, वाटीभर बाजूला ठेवा. दुसऱ्यांदा वाढेपर्यंत पास्ता रस्सा पिऊन कोरडा होतो, तेव्हा पातेल्यात दोन चमचे गरम पाणी घालून हलवलं की पुन्हा पहिल्यासारखा होतो.