क्लबातला ड्रेसाज: दोरीवरची मुलं ते कँटरवाले, सगळ्यांना एका सकाळी कसं बसवायचं?

पागा_रविवार

नमस्कार मंडळी. पुण्याजवळच्या एका छोट्या रायडिंग क्लबात जानेवारीतल्या एका रविवारी आपापसात ड्रेसाजचा (ठरलेल्या हालचाली घोड्याकडून नेमक्या करून घ्यायच्या आणि परीक्षकाने गुण द्यायचे) कार्यक्रम ठेवायचं चाललंय. भाग घेणारे २२. त्यात सहा लहान मुलं मोतद्दाराने (घोडा सांभाळणाऱ्याने) दोरी धरूनच बसतात, नऊ जणांना वॉक-ट्रॉट (साधी चाल आणि दुडकी) जमतं आणि सात जण कँटर (दुडकीच्या वरची, तीन ठोक्यांची चाल) करतात, त्यातले दोघे स्पर्धेलाही जातात. घोडे ७: शर्यतीतून निवृत्त झालेले चार थरोब्रेड, दोन काठेवाडी, एक मारवाडी. मैदान ३० × ५० मीटर, मुरमावर पातळ वाळू. खर्चाला फारसं काही नाही.

प्रश्न असे: मैदान नीट कसं आखायचं? कोणाला कुठली टेस्ट (हालचालींचा ठरलेला क्रम) द्यायची? आणि गुण देताना चांगला घोडा मिळालेल्याचाच नंबर येणार नाही, याची काय सोय? वजनदार प्रौढ रायडरही दोन-तीन आहेत.

खरारा

आधी घोड्यांचा हिशेब करा, कारण तुमचा एका सकाळीचा हिशेब बसत नाहीये.

क्लबच्या घोड्याला एका सकाळी वॉक-ट्रॉटच्या तीन टेस्ट किंवा कँटरच्या दोन, यापेक्षा जास्त देऊ नका. टेस्ट तीन-चार मिनिटांची असली तरी प्रत्येक नव्या रायडरबरोबर रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) बदलणं, दहा मिनिटं फिरवणं, नव्या हाताची सवय होणं हे सगळं त्याच घोड्याच्या पाठीवर होतं. तिसऱ्या-चौथ्या रायडरला घोडा आळशी वाटतो, तेव्हा बहुतेक वेळा तो कंटाळलेला किंवा पाठ दुखत असलेला असतो.

आता मांडा. सहा मुलांना दोन घोडे. नऊ वॉक-ट्रॉटवाल्यांना तीन. कँटरच्या सात जणांना चार. बेरीज नऊ घोडे, तुमच्याकडे सात. म्हणून दोन रविवार करा. पहिल्या रविवारी मुलं आणि वॉक-ट्रॉट, म्हणजे पाच घोडे कामाला आणि दोन राखीव. एखादा लंगडला तर हे राखीवच उपयोगी पडतात. दुसऱ्या रविवारी चार थरोब्रेड, प्रत्येकी दोन रायडर, कँटरची टेस्ट.

पहिल्या रविवारी वॉक-ट्रॉटचे तीन घोडे आळीपाळीने मैदानात आणा. एका रायडरला सात मिनिटं धरली तर तोच घोडा दर २१ मिनिटांनी परत येतो. मधल्या १४ मिनिटांत रायडर बदलणं, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) पुन्हा तपासणं आणि थोडं फिरवणं आरामात होतं. रायडर बसल्यावर तंग परत एकदा बघायचाच. उभ्या घोड्याने पोट फुगवलेलं असतं आणि दोन मिनिटं चालल्यावर एखादं भोक सैल पडतं.

वजनाचं: रायडर आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ही वरची मर्यादा समजा, कँटर असेल तर १५ टक्क्यांच्या आसपास राहिलेलं बरं. काटा नसेल तर टेपने मोजा. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर × घेर × लांबी भागिले ११,८८०. घेर १८०, लांबी १६० असेल तर घोडा साधारण ४३६ किलोचा. त्याचे २० टक्के ८७ किलो, म्हणजे ८ किलोचं खोगीर धरलं तर रायडर ७९ किलोपर्यंत. हा आकडा सगळ्यांसमोर जाहीर करू नका, वाटप करणाऱ्यापुरताच ठेवा.

चंदी (दाणा) सकाळी कामाच्या निदान दोन तास आधी. ते जमत नसेल तर आधी फक्त थोडी वैरण द्या आणि चंदी काम संपून घोडा थंड झाल्यावर.

सी_च्या_मागे

मैदानाचं सांगतो. ३० × ५० मध्ये २० × ४० चा छोटा अरीना बसतो आणि चारही बाजूंना ५ मीटर उरतात. टेस्ट सुरू करायची घंटा होण्याआधी घोड्याला बाहेरून एक फेरी मारायला एवढी जागा पुरते. पण सराव याच पट्ट्यात करू नका, त्यासाठी वेगळी जागा ठेवा. आत एकाची टेस्ट चालू असताना बाहेरून तीन घोडे फिरू लागले की आतल्याचं लक्ष उडतं.

काटकोन डोळ्यांनी लावू नका. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका, बाजू २० आणि ४० मीटर मोजा, मग दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ४४.७२ मीटर यायला हवेत. एक जास्त आणि दुसरा कमी आला तर मैदान तिरकं आहे आणि त्यात कोणाचंही वर्तुळ गोल दिसणार नाही.

अक्षरं: प्रवेशाच्या आखूड बाजूच्या मधोमध 'ए', समोर 'सी'. 'ए' कडून 'सी' कडे तोंड केलं की डाव्या लांब बाजूला के, ई, एच आणि उजवीकडे एफ, बी, एम. कोपऱ्यापासून पहिलं अक्षर ६ मीटरवर, मधलं त्यापुढे १४ मीटरवर. 'एक्स' मधोमध, त्याला पाटी नसते. पाट्या रेषेच्या बाहेर अर्धा मीटर ठेवा.

रेषेसाठी फक्की चालते, पण पातळ टाका आणि आदल्या संध्याकाळी टाका. वाऱ्यात उडाली तर घोड्याच्या डोळ्यात जाते. दोरी जमिनीलगत ताणू नका, पाय अडकतो. गोल पीव्हीसी पाइपही नकोत, खुराखाली आला की गडगडतो. कोपऱ्यांना आणि अक्षरांपाशी लाकडी फळ्या, मध्ये फक्की, एवढ्याने काम भागतं. मुरमातले खडे वेचा आणि आदल्या संध्याकाळी पाणी मारा. वाळू वाढवायची हौस आली तरी ५-७ सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नका. खोल वाळूत पायाच्या शिरांवर (कंडरांवर) ताण येतो.

वॉक-ट्रॉटवाल्यांसाठी ही टेस्ट घ्या, तीन मिनिटांच्या आसपास संपते:

१. 'ए' रायझिंग ट्रॉटमध्ये (रायडर खोगिरावर उठत-बसत) प्रवेश. 'एक्स' च्या आधी दोन-चार पावलं वॉक, 'एक्स' ला थांबणं, सलाम. ट्रॉटमध्ये पुढे.
२. 'सी' ला डावीकडे. 'ई' पर्यंत ट्रॉट.
३. 'ई' ला डावीकडे २० मीटर वर्तुळ.
४. 'ई' पासून 'के' वरून ट्रॉट, 'ए' ला मीडियम वॉक (नेहमीची चाल).
५. एफ-एक्स-एच तिरक्या रेषेवर लांब लगामाने फ्री वॉक.
६. 'एच' ला मीडियम वॉक, 'सी' ला ट्रॉट.
७. 'बी' ला उजवीकडे २० मीटर वर्तुळ.
८. 'ए' ला मध्यरेषेवर. 'एक्स' ला थांबणं, सलाम.

प्रत्येकाला १० पैकी गुण, अर्धा गुणही चालतो. फ्री वॉक दुप्पट धरा, म्हणजे ९०. वर रायडरची बैठक दुप्पट, म्हणजे २०, आणि इशाऱ्यांची (हात, पाय, बैठकीने घोड्याला सांगण्याची) परिणामकारकता १०. एकूण १२०. कोणाला ७५ मिळाले तर ६२.५ टक्के. ५ म्हणजे जेमतेम, ६ समाधानकारक, ७ बऱ्यापैकी चांगलं, ८ चांगलं. नवखा परीक्षक सगळ्यांनाच ६ देत सुटतो, त्याला पूर्ण पट्टी वापरायला सांगा.

२० मीटर वर्तुळाचं गणित रायडरना आधीच समजावून द्या. 'ई' च्या वर्तुळाचा मध्य 'एक्स', ते 'ई' आणि 'बी' ला शिवतं आणि मध्यरेषा 'ए' आणि 'सी' पासून १०-१० मीटरवर ओलांडतं. या चार ठिकाणी सरावाला कोन (खुणेचे शंकू) ठेवा. लोक 'ई' सोडल्यावर कडेच्या रेषेलगत रेंगाळतात, मग 'बी' ला पोचायला एकदम आत वळतात, आणि वर्तुळाचं अंडं होतं. कोनाशी घोड्याचं एकच पाऊल शिवायचं, पुढच्याला लगेच वळण सुरू.

दुडकी_चौखूर

थरोब्रेडबद्दल दोन गोष्टी. शर्यतीच्या घोड्याला लगामावर भार टाकून पळायला शिकवलेलं असतं. नवखा रायडर घाबरून लगाम ओढतो आणि घोडा आणखी जोर धरतो. त्याला 'ओढ आणि सोड' करायला शिकवा: एक क्षण पकड, लगेच ढील, त्याबरोबर मांड खोल आणि श्वास सोडणं. शिवाय शर्यतीच्या घोड्याला चालता चालता स्वार उचलून बसवलेला असतो, माउंटिंग ब्लॉकशी स्थिर उभं राहायची सवय नसते. डोक्यापाशी मोतद्दार हवाच.

मारवाडी रवालीत चालतो का, हे आजच तपासा. रवाल बसायला मऊ असते आणि लग्नाच्या वरातीत कौतुकाची, पण ड्रेसाजमध्ये ट्रॉट म्हणजे तिरक्या जोडीचे दोन ठोके. रवालीत एकाच बाजूचे पाय जवळजवळ एकत्र पडतात, परीक्षक त्याला ट्रॉटचे गुण देऊ शकत नाही. तुमच्या मारवाड्याची दुडकी स्वच्छ नसेल तर त्याला मुलांच्या दोरीच्या वर्गाला द्या. तिथे सगळं वॉकमध्येच आहे.

आणि संपूर्ण टेस्ट घोड्यावर दहा वेळा घोकू नका. क्लबचा घोडा तिसऱ्या वेळेला टेस्ट पाठ करतो आणि 'एक्स' ला न सांगता थांबतो. टेस्ट पायी चालून पाठ करा आणि घोड्यावर तिचे तुकडे उलटसुलट क्रमाने घ्या.

पागा_रविवार

दोन रविवार पटलं, धन्यवाद. फ्री वॉकला दुप्पट गुण कशासाठी? आमच्यात तर त्यालाच लोक विश्रांती समजतात. मुलांना नेमकं काय करायला लावायचं? आणि कँटरवाल्यांना काय द्यायचं?

सी_च्या_मागे

त्याच कारणासाठी दुप्पट! फ्री वॉकमध्ये घोड्याने मान पुढे आणि खाली ताणायची असते आणि मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही पुढे पडायला हवा. वाळूत ठसे बघून हे कोणालाही मोजता येतं. रायडर लगाम नुसता सोडून देतो तेव्हा घोडा डोकं वर ठेवून रेंगाळतो किंवा ट्रॉट सुरू करतो. लगाम बोटांतून हळूहळू सरकू द्यायचा आणि पोटऱ्यांनी आळीपाळीने पुढे सांगत राहायचं. 'एच' जवळ आल्यावर लगाम परत गोळा करताना घोडा ताठरला की तिथे गुण जातात. म्हणून शेवटच्या चार-पाच मीटरमध्ये थोडा थोडा घ्या, झटकन नको.

दुसऱ्या रविवारी याच टेस्टमध्ये ३ आणि ७ क्रमांकाच्या वर्तुळांत अर्धं वर्तुळ कँटर घाला: 'ई' नंतर मध्यरेषा ओलांडताना कँटर, पुढची मध्यरेषा ओलांडताना ट्रॉट. रायडरचा आतला पाय तंगाशी, बाहेरचा पाय थोडा मागे. घोडा चुकीच्या पायावर निघाला (आतल्याऐवजी बाहेरचा पुढचा पाय पुढे पडला) तर ओढत नेऊ नका, ट्रॉटला या आणि पुन्हा मागा. स्पर्धेला जाणाऱ्या दोघांनाही हीच टेस्ट, फक्त ट्रॉट न उठता, बसून. त्यांना वेगळी अवघड टेस्ट दिली की बाकीच्यांना तुलनाच करता येत नाही.

खरारा

मुलांचं: प्रत्येकी चार मिनिटं. मोतद्दार डाव्या खांद्याशी, दोरी मोहोरकीला (घोड्याच्या तोंडावरच्या पट्ट्यांना), लगाम मुलाच्या हातात. 'ए' वरून आत, 'बी' ला थांबून मोठ्याने पाचपर्यंत मोजायचं, 'सी' ला दोन्ही हात पसरून पुढच्या अक्षरापर्यंत, 'ई' ला परत थांबायचं. थांबवणं मुलाने करायचं, मोतद्दाराने नाही, ही एकच अट. गुण बैठकीला आणि थांबण्याला.

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं, मोटरसायकलचं नाही. ते जड असतं, मागून मानेला टेकतं, आणि पडण्याची तऱ्हाही वेगळी. बुटाला थोडी टाच हवी आणि रिकीब बुटापेक्षा दोन्ही बाजूंना मिळून दोन-अडीच सेंटिमीटर रुंद, म्हणजे पाय अडकतही नाही आणि आरपारही जात नाही. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधा आणि तिचा अर्थ पालकांनाही सांगा.

दुडकी_चौखूर

चांगल्या घोड्याच्या प्रश्नावर: २०२३ मध्ये हांगझोऊ एशियाडला आपल्या ड्रेसाज संघाने सुवर्ण मिळवलं, संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. तेव्हापासून क्लबात चौकशी वाढली आहे, पण त्याबरोबर 'परदेशी घोडा नसेल तर काय उपयोग' हेही ऐकू येतं. त्या पातळीला ते खरं असेल, आपल्या वॉक-ट्रॉटला मात्र अजिबात नाही. वर दिलेल्या गुणपत्रकात बैठक आणि इशारे मिळून १२० पैकी ३० आहेत. वर्तुळाचा आकार आणि थांबण्याची जागाही घोड्याच्या किमतीवर अवलंबून नसते. त्याउपर पहिला-दुसरा-तिसरा काढूच नका. ६० टक्क्यांच्या वर एक रंगाची फीत, ६५ च्या वर दुसरी. ज्याला जेवढे तेवढे.

सी_च्या_मागे

याला अनुमोदन. आणि परीक्षक तुमच्या क्लबाचा रोजचा प्रशिक्षक नको. शेजारच्या क्लबाचा अनुभवी रायडर चालेल, पण त्याच्या शेजारी लिहिणारा वेगळा माणूस द्या. परीक्षकाने नजर खाली घातली की पुढची हालचाल हुकते. टेबल 'सी' च्या मागे ३ ते ५ मीटर, सकाळचं ऊन डोळ्यांवर येणार नाही अशी बाजू बघून 'सी' कुठे ते आधी ठरवा. ६ किंवा त्याखालच्या प्रत्येक गुणापुढे दोन-तीन शब्द लिहायलाच हवेत: 'वर्तुळ लहान', 'थांबताना तिरका', 'लगाम आखूड'.

टेस्ट वाचून दाखवणारा ठेवलात तर त्याला सांगा की ए, ई, बी, सी लांबून सारखेच ऐकू येतात. प्रत्येक ओळ दोनदा, आणि घोडा त्या अक्षराच्या निदान एक बाजू आधी असताना. पत्रकं त्याच दिवशी हातात द्या.